शंभरावी डबी

पत्राचा सारांश: पत्र लिहिणारी वाचक नर्स आहे, नवरा खाणीत इंजिनिअर. दोन वर्षांपूर्वी हे कुटुंब पुण्याहून ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल या खाणगावात राहायला आलं. मुलगी १४ वर्षांची, मुलगा ८ वर्षांचा, आणि सध्या सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. हॉस्पिटलमधल्या एका मैत्रिणीमुळे तिला जिओकॅशिंगचा नाद लागला. फोनवर एखाद्या जागेचे अक्षांश-रेखांश मिळतात, तिथे जाऊन कुणीतरी लपवलेली डबी शोधायची, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबी होती तशी ठेवून यायचं. "या गावात दुसरं आहेच काय? निदान रविवारी दुपारी तरी चौघं एकत्र येऊ," असं तिला वाटलं होतं. प्रत्यक्षात ती आणि मुलगा असे दोघंच जातात. नवरा बारा-बारा तासांच्या शिफ्टनंतर झोपतो, मुलगी खोलीचं दार लावून घेते, सासूबाई म्हणतात, "लेकराला उन्हातान्हात, मातीत कशाला नेतेस?" ९९ डब्या झाल्या. शंभरावी सगळ्यांनी मिळून उघडायची म्हणून तिने मार्चपासून राखून ठेवली आहे. वहीत ती दर वेळी चौघांची नावं लिहिते. मागच्या महिन्यात मुलीने एका पानाचा फोटो पाहिला आणि ती भडकली: "मी आलेच नव्हते. माझं नाव का लिहिलंस?" वाचकाचा प्रश्न असा: हा नाद सोडून देऊ, की जबरदस्तीने का होईना, सगळ्यांना घेऊन जाऊ?

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. गावाचं नाव तिच्या परवानगीने तसंच ठेवलं आहे.)

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचताना मी सासूबाईंच्या वाक्यापाशी थांबले होते. दुसऱ्यांदा वाचताना त्या वहीपाशी थांबले, आणि अजून तिथेच आहे. ९९ वह्यांमध्ये चार-चार नावं, आणि तिथे गेलेली माणसं दोन.

तुम्ही हे प्रेमानेच केलंत. देवळात गेलो की घरी राहिलेल्यांच्या वतीनेही आपण हात जोडतो, त्यांच्यासाठी प्रसाद कागदात बांधून आणतो. त्याच मायेने तुम्ही नावं लिहिलीत. पण या वहीत नाव लिहिण्याचा अर्थ एवढाच असतो की हा माणूस अमुक दिवशी इथवर चालत आला. २००० सालच्या मे महिन्यात अमेरिकी सरकारने जीपीएसच्या नागरी वापरात मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि लगेचच ओरेगॉनमध्ये एका माणसाने रानात बादली ठेवून तिचा ठावठिकाणा इंटरनेटवर टाकला. त्या पहिल्या बादलीतही वही आणि पेन्सिल होती. पुढे खेळाचे कितीतरी प्रकार निघाले, पण जिथे डबी आहे तिथे सही करायची वही काही सुटली नाही.

तुमच्या लेकीला हा नियम तुमच्याहून नेमका कळला आहे. "मी आलेच नव्हते" हे तिचं वाक्य मला उद्धट वाटलं नाही, मला ते खरं वाटलं. पुणं सोडायचं ठरलं तेव्हा तिला कुणी विचारलं होतं का, याबद्दल तुमच्या पत्रात एक ओळही नाही. तेव्हा ती बारा वर्षांची होती. तिला न विचारता तिचं नाव नव्या पत्त्यावर लागलं, नव्या शाळेच्या हजेरीपटावर लागलं, आणि आता झुडपातल्या डबीतसुद्धा लागलं. तिच्या बाजूने बघितलं तर तक्रार डब्यांबद्दलची नाहीच.

आता तुमच्या दुसऱ्या वाक्याकडे येते. "या गावात दुसरं आहेच काय?" हे वाक्य पत्रात तीनदा आलं आहे. मी अ‍ॅडलेडला राहते. तिथून ५०० किलोमीटर बॅरियर हायवेने तुमच्या गावाला मी तीनदा आले आहे. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं: लाल माती, पत्र्याची छपरं, आणि गावाच्या मधोमध खाणीच्या टाकाऊ दगडांचा तो काळपट डोंगर. पण तुम्ही तर ९९ जागा शोधल्या आहेत! वस्ती सतरा हजारांच्या आसपास असलेल्या या गावाचे जितके कानेकोपरे तुम्ही पाहिलेत, तितके तिथे जन्मलेल्यांनीही पाहिले असतील की नाही, कोण जाणे. मग घरी येऊन तुम्ही काय सांगता? "आज दोन मिळाल्या" एवढंच? घरातल्या तिघांना डब्यांचा आकडा कळतो आहे, गाव कळत नाही. आणि तुमच्याच तोंडून त्यांना रोज ऐकू येतं की इथे काही नाही. ज्या गावात काही नाही, तिथे रविवारी बाहेर कशाला पडायचं?

तुमच्या गावातल्या रस्त्यांची नावं घ्या. अर्जेंट म्हणजे चांदी. पुढे क्लोराइड, सल्फाइड, ऑक्साइड, ब्रोमाइड, आयोडाइड. नववीतल्या मुलीचं रसायनशास्त्राचं पुस्तक उघडून त्यावर गाव वसवल्यासारखं आहे. १८८३ मध्ये चार्ल्स रास्प नावाच्या, मेंढ्यांच्या कुरणाची हद्द राखणाऱ्या स्वाराने कथील समजून दगड उचलले. निघाली चांदी, शिसं आणि जस्त. दोन वर्षांत बीएचपी, म्हणजे ब्रोकन हिल प्रोप्रायटरी, ही खाण कंपनी उभी राहिली. तिच्या नावातली 'ब्रोकन हिल' ही अक्षरं तुमच्या गावाची आहेत. २०१५ मध्ये हे अख्खं गावच राष्ट्रीय वारशाच्या यादीत घेतलं गेलं, आणि असा मान मिळालेलं ते ऑस्ट्रेलियातलं पहिलं शहर.

किंवा गावाच्या उत्तरेकडची ती लहानशी पत्र्याची मशीद. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उंटवाल्यांनी ती बांधली. सगळ्यांना सरसकट 'अफगाण' म्हणत, पण त्यांतले कितीतरी तेव्हाच्या हिंदुस्थानातून, पंजाब, सिंध, बलुचिस्तानातून आलेले होते. १८६६ मध्ये शंभरावर उंट आणि त्यांचे राखणदार जहाजाने दक्षिण ऑस्ट्रेलियात आले ते कराचीहून, आणि कराची त्या काळी मुंबई इलाख्यात होती. रेल्वे आणि मोटारी येईपर्यंत या वाळवंटातलं किती तरी सामान त्यांच्या उंटांवरून गेलं. तुमच्या सासूबाईंना एकदा तिथे न्या. डबी शोधायला म्हणून नेऊ नका, नुसतं बघायला न्या. परमुलखात आलेल्या आपल्याकडच्या माणसांनी राहत्या तळावर आधी काय उभारलं, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर कळेल.

सासूबाईंचाच विषय निघाला आहे तर सांगते. त्यांच्या बोलण्यात तुम्हाला विरोध दिसतो. मला त्यांत आरोग्य खात्याचा सल्ला दिसतो. ब्रोकन हिलची धातुशिरा जमिनीच्या पृष्ठभागापर्यंत आलेली होती, आणि त्यावर एकशे चाळीस वर्षांची खाणीची धूळ. मातीत शिसं आहे हे उघड गुपितही नाही, गावात पाच वर्षांखालच्या मुलांच्या रक्तातलं शिसं मोफत तपासलं जातं ते त्यासाठीच. तुम्ही नर्स आहात, तुम्हाला हे माहीत असणार. पण तुमचा आठ वर्षांचा मुलगा दगडाखाली हात घालून डबी काढतो आणि त्याच हाताने गाडीत चिप्स खातो, असं तुम्हीच लिहिलं आहे. ते आजपासून बंद करा. गाडीत पाण्याचा वेगळा कॅन आणि साबण ठेवा. नुसत्या सॅनिटायझरने माती निघत नाही, हात धुवावेच लागतात. बूट दाराबाहेर, कपडे थेट धुवायला. घरात कोरडा झाडू फिरवून धूळ उडवण्याऐवजी ओल्या फडक्याने लादी पुसायची. उपाशीपोटी शरीर शिसं जास्त शोषतं, म्हणून मुलाने खाऊन निघायचं; आहारात लोह आणि कॅल्शियम पुरेसं हवं.

आता ही यादी सासूबाईंना वाचून दाखवा. हातपाय धुऊन आत या, चपला बाहेर काढा, काहीतरी खाऊन जा, नाचणीचा लाडू तरी घे. यातलं एकही वाक्य त्यांना नवं नसेल. त्यांना सांगा, "आई, तुम्ही मातीचं म्हणालात ते खरं निघालं. परत आल्यावर याच्या हातांची तपासणी तुमच्याकडे." हे त्यांना खूश करण्यापुरतं म्हणू नका. त्या खरोखर बरोबर आहेत, आणि सुनेने हे मोठ्याने कबूल केल्याचा प्रसंग आपल्या घरांमध्ये फार क्वचित येतो.

उन्हाबद्दलही त्यांचं म्हणणं धुडकावू नका. आत्ताचा हिवाळा फिरायला सुखाचा आहे, पण डिसेंबर ते फेब्रुवारी पारा चाळिशीपार जातो तेव्हा डब्यांना सुट्टी द्या किंवा सूर्य वर यायच्या आत आटपा. दगडाच्या फटीत, पत्र्याखाली उघडा हात कधीच घालायचा नाही. आधी काठीने चाचपायचं, टॉर्चने बघायचं, जाड हातमोजे घालायचे. ब्राउन साप आणि रेडबॅक कोळी दोघांनाही तसल्याच जागा आवडतात. बंद बूट, लांब पँट, आणि पिशवीत दाबून बांधायचं रुंद बँडेज. गावाबाहेर फोनची रेंज बघता बघता जाते, म्हणून कुठे जातो आणि किती वाजेपर्यंत येऊ, हे निघण्याआधी घरी सांगायचं. पाणी लागेल त्यापेक्षा जास्त न्यायचं. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत निघायचं नाही. शोधणाऱ्यांना माणसापेक्षा गाडी लवकर दिसते. आणि मावळायच्या आत परत. मुंडी मुंडीच्या माळावर सूर्यास्त बघत रेंगाळायचा मोह मला कळतो, मीही त्या मोहात पडले होते. परतताना अंधारात गाडीच्या उजेडात अचानक कांगारू उभा राहिला आणि मी कशीबशी थांबले. बाजूच्या सीटवर माझी आई होती.

अशाच गावांत राहणाऱ्या इतर वाचकांनीही यातलं त्यांच्या कामाचं घ्यावं. माउंट आयझातही मातीतल्या शिशाचा हाच प्रश्न आहे. कूबर पीडीला तर ओपलसाठी खणलेल्या उघड्या विहिरी सगळीकडे पसरल्या आहेत, आणि फोटो काढताना मागे सरकू नका असे फलकच तिथे लावलेले असतात. फोनवरचा बाण सरळ रेषेत पळतो, मधली विहीर किंवा खाणीचं कुंपण त्याला दिसत नाही. तिथे मुलाचा हात धरूनच चालायचं.

नवऱ्याबद्दल तुम्ही लिहिलंय, "त्याला आमच्यात रस नाही, तो झोपतो." टेकाडावरचं खाणकामगारांचं स्मारक तुम्ही पाहिलंच असेल. आठशेहून अधिक नावं आहेत, आणि नावापुढे मृत्यूचं कारण. मी दुसऱ्यांदा आले तेव्हा ती नावं वाचत तासभर तिथे होते. त्यानंतर शिफ्टहून येऊन झोपणाऱ्या माणसाचा राग मला धरवत नाही. याच गावातल्या कामगारांनी १९१९-२० मध्ये दीड वर्ष संप करून जमिनीखालच्या कामासाठी आठवड्याला ३५ तासांची मर्यादा मिळवली होती. ज्या गावाने विश्रांतीसाठी एवढी किंमत मोजली, तिथे बारा तासांनंतरची झोप हा गुन्हा कसा ठरवायचा? त्याला रविवारी झोपू द्या. पण त्याला जमिनीखालचं गाव माहीत आहे आणि तुम्हाला वरचं, हे लक्षात ठेवा. मुलाने दगडांचे फोटो आणले तर ते त्याच्यापुढे ठेवा. (फोटोच आणा. चकाकणारा दगड खिशात घालून घरी आणायचा नाही, तो शिशाचा असू शकतो.) जिओकॅशिंगमध्ये 'अर्थकॅश' नावाचा एक प्रकार आहे. त्यात डबी नसतेच. जागा बघून तिथल्या खडकांबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं पाठवायची असतात. अशी एखादी मिळाली तर उत्तरं जेवताना बाबाला विचारू द्या. तो गाडीत बसला नाही तरी खेळात आला.

आता लेक. तुम्ही विचारलंत, जबरदस्ती करू का. केलीत तर ती येईल. कानात हेडफोन, नजर खिडकीबाहेर. तुमची शंभरावी डबी उघडेल, फोटोत चौघंही दिसतील, आणि तो फोटो बघताना पुढे दर वेळी तुम्हालाच वाईट वाटेल.

एक साधा हिशोब मला पत्र वाचतानाच सुचला. न्यू साउथ वेल्समध्ये असूनही ब्रोकन हिलचं घड्याळ सिडनीच्या नाही, अ‍ॅडलेडच्या वेळेवर, म्हणजे सिडनीच्या अर्धा तास मागे चालतं, कारण गावाचा जुना रेल्वे-व्यवहार त्या बाजूचा. सिडनीहून थेट रेल्वे आली ती १९२७ मध्ये. त्यामुळे सध्याच्या हिवाळ्यात तुम्ही पुण्याच्या बरोबर चार तास पुढे आहात. मिनिटकाटा दोन्हीकडे एकाच जागी असतो. तुम्ही रविवारी दुपारी दोनला गाडी काढता. तेव्हा पुण्यात सकाळचे दहा वाजलेले असतात, म्हणजे तिच्या मैत्रिणी अंथरुणातून उठून फोन हातात घेतात ती वेळ. आठवड्यातला तिचा सगळ्यात मोलाचा तास असेल तो, आणि नेमका त्याच तासाला तुम्ही दार वाजवता. तसं आहे का, हे तिलाच विचारा. असेल तर तुमची फेरी सकाळी नऊला करा. पुण्यात तेव्हा पहाटेचे पाच असतात, तिचं काही बुडत नाही. (ऑक्टोबरच्या सुरुवातीला घड्याळं पुढे गेली की हा फरक पाच तासांचा होईल.) तरीही ती आली नाही तर सकाळची झोप ही तिची.

पुढे कधी, लगेच नाही, तिच्यासमोर एक गोष्ट ठेवून बघा. शोधायला नको असेल तर तिला एखादी डबी लपवायला आवडेल का? जागा ती निवडेल, कोडं ती रचेल, माहितीचं पानही तीच लिहील. क्लोराइडपासून सल्फाइडपर्यंतच्या रस्त्यांचं कोडं होईल, नाहीतर त्या अर्ध्या तासाच्या घड्याळाचं. नियम तिला आधीच सांगा: जागेच्या मालकाची परवानगी हवी, खड्डा खणून पुरायची नाही, दुसऱ्या डबीपासून किमान १६१ मीटर अंतर हवं, डबीत खाण्याचं काही ठेवायचं नाही, आणि वही भिजली किंवा भरली तर जाऊन बदलायची. गाव सोडताना डबी दुसऱ्या कुणाच्या नावे करून देता येते, तेही सांगा. ज्या मुलीला एकदा सगळं सोडून यावं लागलं, तिच्यासाठी ते महत्त्वाचं असेल. ती "नको" म्हणाली तर विषय तिथेच संपवा. पुन्हा महिनाभर काढू नका, आणि माझं नाव पुढे करून तर मुळीच काढू नका.

म्हणजे नाद सोडू नका, आणि कुणाला ओढूनही नेऊ नका. चौघं एका वेळी एका जागी दिसली तरच कुटुंब शाबूत, ही कसोटी तुम्ही स्वतःच लावून घेतली आहे. बाकीच्या तिघांना ते माहीतसुद्धा नाही! मार्चपासून शंभरावी डबी राखून ठेवली आहे, हे तुम्ही मला कळवलंत; त्यांना कळवलेलं पत्रात कुठे दिसलं नाही. आणि या सगळ्यात मुलगा मात्र पाच महिने वाट बघतो आहे. तो दर रविवारी विचारतो, "आज शंभरावी का?" आणि तुम्ही म्हणता, "सगळे आले की." जो आला आहे, त्याच्याकडे बघा. सगळ्या ९९ डब्यांपर्यंत तो तुमच्याबरोबर आला.

या रविवारी सकाळी त्याला घेऊन जा. गावाजवळच्या लिव्हिंग डेझर्ट या राखीव क्षेत्रातल्या टेकडीवर १९९३ मध्ये जगभरातल्या शिल्पकारांनी घडवलेली वालुकाश्माची बारा शिल्पं आहेत. शंभरावीचा दिवस म्हणून आधी तिथे जा, शिल्पांभोवती त्याला मनसोक्त फिरू द्या. मग डबी तुम्ही राखून ठेवलेली असेल तिथे. उघडायची त्याने. वहीत तारीख घाला आणि दोन नावं लिहा.

घरी आल्यावर लेकीकडे जा आणि त्या ९९ वह्यांबद्दल माफी मागा. लांबलचक नको, "तुला न विचारता लिहिलं, चुकलं" एवढं पुरे. ऑनलाइन नोंदींमध्येही तिचं नाव टाकलं असेल तर ते राहू द्यायचं की काढायचं, हे तिला विचारा आणि ती सांगेल तसं तिच्यासमोर करा. कागदी वह्यांमधलं राहू दे. त्या वह्या दुसऱ्यांच्या आहेत, तिथे खाडाखोड करायला पुन्हा जाऊ नका.